शुगरचा आकडा विचित्र आला तर

घरी शुगर तपासायचा नवीन मीटर घेतलाय, तर आधी एक सवय लावून घ्या: बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवायचे आणि नीट पुसायचे. आंबा कापून किंवा संत्रं सोलून तसंच टोचलंत, तर बोटावरचा रसही मोजला जातो आणि आकडा सहज दुप्पट दिसू शकतो. स्पिरिटचा बोळा किंवा सॅनिटायझर पुरत नाही, पाणीच हवं.

सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून घरोघरी चौकशी बसते, ‘रात्री गुपचूप काय खाल्लंत?’ बहुतेकदा काहीच नाही! पहाटे कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. म्हणून सकाळचा आकडा कमी यावा यासाठी रात्रीचं जेवण टाळू नका; इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर झोपेत शुगर फार खाली जाण्याची भीती असते. सलग काही सकाळी आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, की काही दिवस शुगर चढते. हाडांच्या डॉक्टरांना मधुमेह आहे हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. ताप, दाढेचा संसर्ग, जागरण यांनीही चढते.

स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच. फ्रीजमध्ये ठेवू नका.

मीटरला साधारण १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं, त्यामुळे १४० की १५० यावर झोप घालवू नका. मात्र घाम फुटलाय, हात थरथरताहेत (ही शुगर खाली गेल्याची लक्षणं) आणि आकडा चांगला दिसतोय, तर हात धुऊन ताबडतोब पुन्हा तपासा.