सोन्याच्या नॅनोकणांचा लेप्टो सेन्सर: संवेदनशीलता कशी वाढवावी?

प्रश्न असा आहे: रत्नागिरीत एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, पण लेप्टोचं (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूचं) प्रथिन कमी असलं की द्रावणाचा रंगच बदलत नाही.

सिग्नलच्या मागे लागण्याआधी गोंगाट, म्हणजे मोजणीतले नको असलेले चढउतार, कमी करा. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारं सर्वात कमी प्रमाण, साधारणपणे कोऱ्या (ते प्रथिन नसलेल्या) नमुन्याच्या सिग्नलची सरासरी अधिक 3 प्रमाण विचलनं अशी काढतात. कोराच डुगडुगत असेल तर पुढचं सगळं पाण्यात.

सोन्याचं द्रावण कोकमाच्या आगळासारखं लाल असतं, प्रकाशाचं सर्वाधिक शोषण 520 नॅनोमीटरच्या आसपास. त्यात मीठ पडलं की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळा, मग निळसर होतो. आमचे एकदा सगळेच नमुने ‘पॉझिटिव्ह’ आले. बाटल्या किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने विसळल्या होत्या! तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच वापरा. कणावर अँटिबॉडी (लेप्टोचं प्रथिन पकडणारा रेणू) बसवल्यावर त्याची उरलेली जागा बीएसए या प्रथिनाने झाका, आणि अँटिबॉडीची पकडणारी टोकं बाहेर राहतील अशी जोडणी निवडा.

इतकं जमलं की मग गोल कणांऐवजी नॅनोरॉड (काडीसारखे लांबट कण) घ्या. त्यांच्या टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटतं, त्यामुळे थोडंसं प्रथिन चिकटलं तरी शोषणाचं शिखर जास्त सरकतं. पट्टीवरची चाचणी असेल तर चांदीचा थर चढवा, फिकट रेघ गडद होते.