नॅकच्या फायली मागे ठेवून निघण्यापूर्वी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. नाशिकच्या महाविद्यालयात सात वर्षे आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, समन्वयकपद, पतीला आइंडहोव्हनमध्ये मिळालेली नोकरी, सात वर्षांचा मुलगा, आणि शेवटच्या ओळीत, नेदरलँड्समधील एखाद्या विद्यापीठात शिक्षण-धोरण किंवा गुणवत्ता विभागात मला काम मिळेल का, अशी विचारणा. २०१६ साली सांगलीहून निघताना माझी परिस्थिती जवळजवळ हीच होती. फक्त माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आज मी इथे, नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात, अभ्यासक्रमांची गुणवत्ता तपासते. त्यामुळे हे उत्तर मी आपल्यासाठी लिहीत आहे की स्वतःसाठी, याची मला खात्री नाही.

व्हिसा, पगाराची अट, करसवलत आणि आरोग्य विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित मिळते. ती मी पुन्हा उगाळत नाही. पतीच्या परवान्यावर आपल्याला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येईल, एवढे पुरे. तिथे लिहिलेले नसते ते असे, की इथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना जो जन्मदाखला मागतात, तो माझ्या पिढीतील अनेक बायकांच्या बाबतीत बिननावाचा असतो. माझा तसाच होता. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आईवडिलांची नावे होती, तारीख होती, लिंग होते आणि माझ्या नावाच्या जागी एक आडवी रेघ होती. त्या रेघेवर नाव चढवणे, दाखल्याची इंग्रजी प्रत मिळवणे, मंत्रालयातून साक्षांकन करून घेणे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, लावणे यात माझे चार महिने गेले. शिवाय शिवाजी विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, म्हणून दोन्ही एकाच बाईचे आहेत असे सांगणारे प्रतिज्ञापत्र वेगळे. पासपोर्टात मधले नाव पतीचे असल्यामुळे इथल्या नोंदींत ते माझेच दुसरे नाव होऊन बसले. एकदा दंतवैद्याच्या दवाखान्यात त्या नावाचा पुकारा झाला आणि मी शांतपणे मासिक चाळत बसून राहिले. आज हे हसण्यावारी नेता येते, पण अधिकृत कागदावर आपले नाव आपल्या हाताबाहेर गेल्याची ती पहिली खूण होती, आणि तशा खुणा पुढे बऱ्याच आल्या. आपला दाखला आजच काढून पाहा.

आता कामाविषयी. आपल्या उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ सालची. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील फ्लांडर्स यांची मिळून जी मान्यता-संस्था आहे, ती एनव्हीएओ, २००५ पासून काम करते. दोन्हींचा हेतू सारखाच वाटतो, आणि आपला अनुभव इथे सहज उपयोगी पडेल असा जो माझा गैरसमज झाला होता, त्याचे मूळ या सारखेपणातच होते. आपल्याकडे संस्थेला श्रेणी मिळत आली आहे. इथे प्रत्येक अभ्यासक्रमाची दर सहा वर्षांनी तपासणी होते आणि तिच्या गाभ्याशी चारच प्रश्न असतात: विद्यार्थ्याने काय शिकून बाहेर पडावे असे आपण ठरवले आहे, त्यासाठीची शिकवण्याची व्यवस्था पुरेशी आहे का, मूल्यमापन विश्वासार्ह आहे का, आणि विद्यार्थी खरोखर त्या पातळीला पोचतो का. या चौथ्या प्रश्नासाठी समिती पंधरा पदवीधरांचे अंतिम प्रबंध मागवते, ते वाचते, आणि ज्याला दहापैकी सहा गुण देऊन उत्तीर्ण केले तो प्रबंध सहाच्या लायकीचा आहे का, हे स्वतः ठरवते. नव्या इमारतीची, बोअरवेलची, सौर पॅनेलची जिओ-टॅग केलेली छायाचित्रे कोणीही मागत नाही. नॅकची पीअर टीम, म्हणजे तपासणी पथक, येणार म्हणून जशी असे तशी रांगोळी नाही, शाल-श्रीफळ नाही. दुपारी चीज घातलेला पाव आणि ताकासारखे एक पेय समोर येते, आणि समितीचे सदस्य ते खाताखाताच पुढचा प्रश्न विचारतात.

माझ्या पहिल्या स्वयंमूल्यमापन अहवालाची गोष्ट सांगते, कारण ती आपल्यालाही लागू पडेल अशी मला शंका आहे. मी चाळीस पानांचा मसुदा केला होता, आकडेवारी चोख होती, पुरावे क्रमवार होते. विभागप्रमुखांनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, "यात काय नीट चाललेले नाही ते कुठे आहे?" सांगलीत आम्ही 'कमतरता' या शीर्षकाखाली 'महाविद्यालय ग्रामीण भागात असल्याने विद्यार्थ्यांना दूरवरून यावे लागते' असे लिहीत असू, म्हणजे कमतरता भूगोलाची आणि कौतुक आमचे. ते कौशल्य इथे दोषच ठरते. समितीला कच्चे दुवे आधीच दिसलेले असतात, आणि ते आपण स्वतः लिहिले नाहीत तर आपल्याला दिसत नाहीत असा निष्कर्ष ती काढते. हे समजायला मला एक वर्ष लागले. वयाच्या चाळिशीत, बारा वर्षे शिकवून झाल्यावर, 'आमचे हे चुकते' असे सरळ वाक्य लिहायला हात धजत नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दुसरा धक्का विद्यार्थ्यांचा. आपल्या अभ्यास मंडळाच्या किंवा विद्या परिषदेच्या बैठका आठवा. इथे प्रत्येक अभ्यासक्रमाची एक समिती असते, तिच्यात निम्मे विद्यार्थी आणि निम्मे शिक्षक असतात, आणि २०१७ पासून परीक्षा-नियमावलीच्या काही भागांना या समितीची संमती कायद्यानेच लागते. एकोणीस वर्षांच्या एका मुलीने माझ्या मसुद्यातील परिच्छेदावर बोट ठेवून, हे आम्हाला मान्य नाही, असे म्हटले आणि तो परिच्छेद खरोखर बदलावा लागला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला राग आला होता की हेवा वाटला होता, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

नोकरी मिळण्याचा मार्ग सरळ नाही. मी पहिली दोन वर्षे शिक्षण-कार्यालयात वेळापत्रके लावत होते: वर्षाला ६० श्रेयांक, प्रत्येक श्रेयांक २८ तासांचा, आणि हे १६८० तास विद्यार्थ्यांच्या आठवड्यांत कसे बसवायचे हा माझा दिवसभराचा उद्योग. महाविद्यालयात ज्या बाईच्या सहीशिवाय वार्षिक अहवाल पुढे जात नसे, तिला इथे खोली क्रमांक बदलण्यासाठी तिघांची परवानगी घ्यावी लागे. तिथून मी परीक्षा समितीची सचिव झाले, आणि ही वाट मी आपल्याला मनापासून सुचवेन. २०१० साली इथल्या एका मोठ्या व्यावसायिक उच्चशिक्षण संस्थेत रखडलेल्या विद्यार्थ्यांना सोप्या मार्गाने पदव्या दिल्याचे उघड झाले, तेव्हापासून परीक्षा समितीच्या स्वातंत्र्याकडे फार गांभीर्याने पाहिले जाते. सचिवाला नियमावली तोंडपाठ लागते, टिपणे नेमकी लिहावी लागतात, आणि प्राध्यापकांना नाही म्हणण्याची सवय लागते; यातील पहिल्या दोन गोष्टी आयक्यूएसीत काम केलेल्या माणसाला येतातच. आइंडहोव्हनहून टिलबर्ग आणि नायमेखन इथे रेल्वेने रोज ये-जा करता येते, म्हणजे शोध एकाच शहरापुरता ठेवू नका. मात्र २०२४ साली सरकारने उच्च शिक्षणाच्या निधीत कपात जाहीर केली, आणि अशा वेळी रिकामी झालेली पदे न भरण्याची सुरुवात आमच्यासारख्या साहाय्यक विभागांपासून होते, हे गृहीत धरून या.

भाषेविषयी आपण 'इंग्रजीवर निभेल का' असे विचारले आहे. प्राध्यापकाचे पुष्कळदा निभते, प्रयोगशाळेत निभते, आपल्या कामात निभत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, पण त्याच्याविषयीचा वाद डचमध्ये होतो. बैठक माझ्यासाठी इंग्रजीत सुरू होई, पाच मिनिटांत कोणाला तरी आपला मुद्दा नीट मांडायचा असे आणि सगळे आपल्या भाषेत शिरत. मी इतिवृत्त लिहिण्याचा अभिनय करीत बसे. सरकारी डच परीक्षेचा वरचा स्तर, म्हणजे बी-टू, उत्तीर्ण होईपर्यंत मला धोरण विभागात कोणी मुलाखतीलाही बोलावले नाही, आणि आज मागे वळून पाहता त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. धोरणाच्या कामात शब्दाचे वजन कळावे लागते. 'पुरेसे' या अर्थाचा डच शब्द एखाद्या अहवालात समाधानाने वापरला आहे की नाइलाजाने, हे शब्दकोशात सापडत नाही.

याच कारणाने माझ्या मुलीचे जे झाले ते सांगणे आता मला टाळता येत नाही.

इथे प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, म्हणजे मूल साधारण बारा वर्षांचे असताना, शिक्षक पुढच्या शाळेविषयी सल्ला देतात. चार वर्षांचा व्यावसायिक प्रवाह, पाच वर्षांचा मधला आणि सहा वर्षांचा विद्यापीठाकडे थेट नेणारा, असे तीन मुख्य मार्ग आहेत. हे सगळे मला माहीत होते. माझे कामच शिक्षणव्यवस्थेचे होते. मुलगी सातव्या गटात असताना शिक्षिकेबरोबरच्या दहा मिनिटांच्या भेटीत त्या बाई म्हणाल्या की आपली मुलगी फार मेहनती आहे. मी हसून आभार मानले. आपल्याकडे शिक्षकाने मुलीला मेहनती म्हटले की आई घरी जाऊन देवापुढे साखर ठेवते. त्या बाईंना म्हणायचे होते ते असे, की हिला आज जे जमते ते जोर लावून जमते, याहून वर तिची झेप नाही. इथे हे वाक्य इशारा असते, आणि तो ऐकल्यावर पालक पुढचा प्रश्न विचारतात: वाचनात मागे आहे ती भाषेमुळे की आकलनामुळे, आणि तुम्ही हे कशावरून ठरवले? मी तो प्रश्न विचारला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मूल्यमापनाची विश्वासार्हता तपासणारी मी, माझ्या मुलीच्या मूल्यमापनासमोर मान डोलावून उठले.

गणितात ती वर्गात पुढे होती. २०२० च्या फेब्रुवारीत सल्ला आला तो मधल्या प्रवाहाचा. वसंत ऋतूत होणाऱ्या अंतिम चाचणीत निकाल वरचा आला तर शाळेला सल्ल्याचा फेरविचार करावा लागे, म्हणून आम्ही त्या चाचणीवर आशा ठेवली होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे त्या वर्षाची चाचणी देशभर रद्द झाली. दोष कोणाला द्यायचा? पुढे २०२३-२४ पासून नियम बदलला. आता चाचणीचा निकाल वरचा आला की सल्ला वर न्यावाच लागतो, आणि अपवाद करायचा तर शाळेला कारण द्यावे लागते. हा बदल मी कार्यालयात वाचला, त्या दिवशी मी लवकर घरी गेले. त्याच वर्षी आमच्या विभागासाठी समान संधी या विषयावरचे टिपणही मीच लिहिले होते, आणि ते सगळ्यांना आवडले होते.

मुलगी गेल्या वर्षी शाळा संपवून व्यावसायिक उच्चशिक्षण संस्थेत गेली. ती आनंदात आहे, सायकल दामटत जाते, डचमध्ये स्वप्ने पाहते असे सांगते. मी ज्या विद्यापीठात अभ्यासक्रमांची गुणवत्ता तपासते, तिथे तिला थेट प्रवेश मिळू शकत नव्हता. हे तिला खुपत नाही. "आई, तू अजून त्यातच आहेस?" असे ती विचारते, आणि मला उत्तर देता येत नाही. सांगलीत राहिलो असतो तर काय झाले असते हा प्रश्न मी निरर्थक मानते आणि तरीही महिन्यातून एकदा तो विचारते.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो येतो आणि सवयीचा होतो. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो; व्हिटॅमिन डी घ्या, सायकल शिका, मंडळाच्या गणपतीला जा. याहून अधिक त्यात काही नाही.

परत जाण्याचा विचार मनात येतो का, हे आपण विचारले नाही, त्याबद्दल आभारी आहे. डच नागरिकत्वाचा अर्ज दोन वर्षे माझ्या खणात भरून पडलेला आहे, कारण त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, आणि तो पासपोर्ट ज्या जन्मदाखल्यावर आता उभा आहे त्या दाखल्यावर माझे नाव चढवण्यासाठी माझे वडील चार महिने तालुक्याच्या गावी खेपा घालत होते.

आपला मुलगा सात वर्षांचा आहे, म्हणजे आठव्या गटापर्यंत आपल्या हातात चार-पाच वर्षे आहेत. डचचा वर्ग आपण निघण्याआधीच सुरू करा, स्वतःसाठी नव्हे तर त्या दहा मिनिटांसाठी. आणि त्याच्या शाळेतून पहिला प्रगती-अहवाल येईल तेव्हा तो मला पाठवा. तोवर आपल्याला डच येत असली तरी पाठवा. मला तो वाचायचा आहे.