‘इम्पोर्ट’ची माहिती हँडबुकात नक्की कुठे लिहायची?

प्रश्न : नमस्कार ताई, मी डोंबिवलीचा, पवईला एका कंपनीत कामाला आहे. टीममध्ये येणाऱ्या नवीन मुलांसाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं हँडबुक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या महिन्यात एका मुलीने दर नावाच्या फाईलमधली सूट 10 ची 15 केली, शेलमध्ये (एकेक ओळ लिहून लगेच चालवायची खिडकी) परत इम्पोर्ट केलं, म्हणजे फाईलमधला कोड वापरायला आणला, तरी 10 च येत राहिलं. फाईल चार वेळा सेव्ह केली, संध्याकाळचे सात वाजले, बिचारी रडकुंडीला आली. आता लीड म्हणतात इम्पोर्टचं सगळं पहिल्याच धड्यात टाक, सिनियर म्हणतो धड्यात अजिबात नको, रेफरन्समध्ये (सविस्तर संदर्भाच्या भागात) टाक. मला वाटतं दोन्हीकडे टाकून मोकळं व्हावं. काय करू?

उत्तर : दादा, दोन्हीकडे टाकावंसं का वाटतं ते कळतं, पण सगळंच्या सगळं दोन्हीकडे नको. आधीच्या एका नोकरीत आम्ही तेच केलं होतं, मॉड्यूल (इम्पोर्ट करता येणारी फाईल) रीलोड कसं करायचं, म्हणजे परत वाचायला कसं लावायचं, ते तीन ठिकाणी लिहिलं. पायथॉन 2 मध्ये रीलोड हे सरळ बिल्ट-इन (काही इम्पोर्ट न करता वापरता येणारं) होतं, 3 मध्ये ते इम्प मॉड्यूलमध्ये गेलं, 3.4 पासून इम्पोर्टलिब या मॉड्यूलमध्ये आलं आणि 3.12 मध्ये तर इम्प काढूनच टाकलं. आम्ही एक जागा सुधारली, दोन तशाच राहिल्या, आणि मुलं नेमकी तीच जुनी पानं उघडायची. म्हणून पूर्ण नियम एकाच जागी लिहा, बाकी जिथे माणूस अडकतो तिथे दोन ओळी आणि त्या जागेची लिंक.

आता त्या मुलीचं बघा. तिला सात वाजेपर्यंत वाटत होतं की फाईलच सेव्ह होत नाहीये. इम्पोर्टवर तिचा संशयच गेला नाही, मग रेफरन्समध्ये तुम्ही कितीही छान लिहून ठेवलं असतं तरी तिने ते पान उघडलंच नसतं, कारण शोधायचं काय हेच माहीत नव्हतं! झालं होतं एवढंच की मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट होतं तेव्हा पायथॉन ते चालवतं आणि सिस.मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत ठेवतं, पुढच्या वेळी तिथूनच उचलून देतं, फाईल परत वाचतच नाही. हे धड्यातच पाहिजे, आणि तेही शेवटी टीप म्हणून नाही, जिथे मुलं पहिल्यांदा शेलमध्ये स्वतःची फाईल इम्पोर्ट करतात त्याच परिच्छेदाच्या खाली. पायथॉनच्या स्वतःच्या ट्युटोरियलमध्येही मॉड्यूलच्या सहाव्या प्रकरणात हे थोडक्यात दिलंय, एका सेशनमध्ये मॉड्यूल एकदाच इम्पोर्ट होतं, बदल केलात तर इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम) परत सुरू करा, बस.

म्हणजे लीडचं म्हणणं अर्धं बरोबर, सिनियरचंही अर्धं. मॉड्यूल कुठल्या क्रमाने शोधलं जातं, फाइंडर (मॉड्यूल शोधणारा) काय करतो, लोडर (ते आत आणणारा) काय करतो, पॅकेजच्या आतलं रिलेटिव्ह इम्पोर्ट कसं चालतं, हे सगळं पहिल्या धड्यात घातलंत तर पोरं तिथेच पुस्तक मिटतील. पायथॉनमध्येही 2012 साली 3.3 आलं तेव्हा इम्पोर्टची यंत्रणा इम्पोर्टलिबवर नेली गेली आणि लँग्वेज रेफरन्समध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण मिळालं, आज ते पाचवं आहे. तुम्ही ते पुन्हा मराठीत लिहीत बसू नका, लिंक द्या, रेफरन्समध्ये फक्त तुमच्या प्रोजेक्टचं जे वेगळं आहे तेवढं लिहा.

तिसरी एक जागा तुम्ही दोघातिघांनी धरलीच नाहीये आणि माझ्या मते ती फार गरजेची आहे, अडचणींचं पान. तिथे शीर्षकं विषयाची नकोत, जे डोळ्यांना दिसतं त्याची हवीत. ‘फाईल बदलली तरी जुनंच आउटपुट येतं’. ‘एकच फाईल दोनदा चालते’ (मुख्य स्क्रिप्टच दुसऱ्या फाईलने नावाने इम्पोर्ट केली की असं होतं, कारण सिस.मॉड्यूल्समध्ये ती आधी मेन या नावाने बसलेली असते). ‘रँडम इम्पोर्ट केलं पण त्यातलं फंक्शनच सापडत नाही’, रँडम हे पायथॉनचं तयार मॉड्यूल आहे, पण इथे बहुतेक वेळा मुलाने सरावाच्या फाईलचंच नाव रँडम ठेवलेलं असतं, आणि स्क्रिप्टचा फोल्डर शोधात आधी येतो म्हणून तीच उचलली जाते. एररचा मजकूर जसाच्या तसा टाका, मुलं तोच कॉपी करून सर्च करतात.

‘दर’ नावाच्या त्या फाईलच्या डॉकस्ट्रिंगमध्येही (फाईलच्या सुरुवातीच्या वर्णनात) एक ओळ टाकाच. कारण तुमच्याकडे कोणी ‘फ्रॉम दर इम्पोर्ट सूट’ असं लिहिलं असेल तर रीलोड करूनसुद्धा ते नाव जुन्याच 10 ला धरून राहतं, ‘दर.सूट’ असं लिहिलं असेल तर 15 मिळतं. हे ज्याला लागणार आहे तो ती फाईल उघडूनच बसलेला असतो.

धड्यासाठी मी असं लिहीन, आवडलं तर घ्या : ‘शेल चालू असताना फाईल बदललीत तर परत इम्पोर्ट करून बदल दिसणार नाही. शेल बंद करा, पुन्हा उघडा, मग इम्पोर्ट करा. असं का होतं ते रेफरन्समध्ये दिलंय.’ आणि छापायच्या आधी त्याच मुलीला वाचायला द्या, कुठे अडतंय ते ती बरोबर सांगेल.