भावाला एचआयव्ही आहे, एमआरआयमध्ये मेंदूत गाठी निघाल्या. हा ‘मेंदू खाणारा अमीबा’ तर नाही ना?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाने एआरटीच्या (एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या) गोळ्या सोडल्या होत्या, महिन्याभरापासून डोकं दुखतंय, उजवा हात लुळा पडत चाललाय आणि तो वर्धा नदीत पोहायचा म्हणून घरच्यांनी अमीबाचा धसका घेतलाय. मी विदर्भात मेडिसिनचा डॉक्टर आहे, एआरटीचे पेशंट रोज बघतो.

पोहताना नाकावाटे शिरतो तो नेग्लेरिया. तो धडधाकट माणसालाही होतो आणि काही दिवसांतच जिवावर बेततो. महिनाभर रेंगाळणारं दुखणं त्याचं नसतं. प्रतिकारशक्ती खचलेल्यांना गाठणारा अकँथअमीबा सावकाश वाढतो, पण तो फार दुर्मिळ. भावाच्या अंगावर बरी न होणारी जखम किंवा गाठ आहे का, ते नीट बघा आणि असेल तर डॉक्टरांना दाखवा. कधीकधी हा अमीबा कातडीच्या तुकड्यातच सापडतो, मेंदूला हात लावावा लागत नाही.

आपल्याकडे पहिला संशय टोक्सोप्लाझ्मा आणि टीबीचा. टोक्सोही परजीवीच, पण औषधाला चांगली दाद देणारा. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) १०० च्या खाली, रक्तात टोक्सोची आयजीजी (संसर्ग झाल्याची खूण) पॉझिटिव्ह आणि स्कॅनवर कडेने चमकणाऱ्या गाठी, एवढं जुळलं की बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) न करताच उपचार सुरू करतात. साधारण दोन आठवड्यांत हातात ताकद येऊ लागते, पुन्हा केलेल्या स्कॅनवर गाठी लहान दिसतात. तसं झालं नाही, तर बायोप्सीबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा.

घोळ होतो तो इथे. मेंदूची सूज जास्त असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, पण त्याने लिम्फोमाची (एक प्रकारच्या कॅन्सरची) गाठही काही दिवस आकसते. त्यात टीबीची औषधंही सोबतच सुरू झाली, की पेशंट कशाने सुधारला ते सांगता येत नाही. म्हणून कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं ते वहीत लिहा.

पाठीतलं पाणी काढलं नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. गाठींमुळे मेंदूवर दाब असताना ते काढणं धोक्याचं असतं. पुढे काढलंच आणि अमीबाची शंका असेल, तर लॅबला आधी कळवायला सांगा. नमुना फ्रीजमध्ये न ठेवता ताजा थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. जिवंत अमीबा सरकताना ओळखू येतो, रंगवलेल्या स्लाइडवर तो पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो.

नागपूरला किंवा सेवाग्रामला नेताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी आणि फिल्मही न्या. तिथे एचआयव्ही लपवू नका. बरेच नातेवाईक लपवतात, मग लकवा समजून उपचार होतात आणि मोलाचे दिवस जातात. ही माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने दवाखान्याला बंधनकारक आहे.

झटका (फिट) आला, उलट्या लागल्या किंवा गुंगी वाढली तर रात्रीच निघा. आणि सोडलेल्या एआरटीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मेंदूत नेमकं काय आहे त्यावर त्यांची तारीख ठरते. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर निघाला, तर त्या चार ते सहा आठवडे थांबून देतात.