गणित ऑप्शनल घेऊ की मराठी साहित्य?

अरे, यूपीएससीला कुठला ऑप्शनल, म्हणजे मुख्य परीक्षेसाठी आपण निवडायचा विषय, स्कोअरिंग हे विचारत बसू नकोस, सदाशिव पेठेतल्या प्रत्येक लायब्ररीत याचं वेगळं उत्तर मिळेल. दोन पेपर, प्रत्येकी 250 म्हणजे 500 मार्कांचा मामला आहे, तेव्हा तुझं डोकं कसं चालतं ते आधी बघ. सिलॅबस उघड आणि दोन्ही विषयांचा मागच्या वर्षीचा एकेक पेपर घेऊन बस. गणितातल्या रिअल ॲनालिसिसचं एखादं प्रूफ अडलं तर तुला चहा प्यायचंही सुचत नाही, की अर्ध्या तासात वैताग येतो? आणि तुकारामांच्या अभंगांवर दोन पानं लिहायला सांगितली तर पेन धावतं का नुसतंच चावलं जातं?

गणितात करंट अफेअर्सची कटकट नाही, उत्तर बरोबर आलं की बरोबर, पण सुरुवातीलाच अधिक-उण्याची साइन चुकली की पुढचं सगळं घसरतं. आणि वाचून समजलं म्हणजे सोडवता येतं असं अजिबात नाही, हात चालला पाहिजे, रोज. साहित्यात तसं नाही, तिथे वाचलेलं मुरावं लागतं, मग स्वतःचं मत मांडून त्याला संहितेतला दाखला द्यावा लागतो आणि नेमकं हेच गाइड पाठ करणाऱ्यांना जमत नाही. मित्र इंजिनिअर आहे म्हणून गणित घेतोय, असलं काही करू नको बाबा. आणि हो, गणित घेतलंस तरी निबंधाचा 250 मार्कांचा पेपर टळत नाही, त्यामुळे लिहायची सवय आत्तापासूनच लाव.