वाचकांचे प्रश्न : शेऱ्याच्या रकान्यातले पुढारी

प्रश्न : गेली १९ वर्षे मी रोज सकाळी सात वाजता हवामानाची नोंद ठेवतो. वहीत तारीख, किमान तापमान, आकाश, पाऊस आणि शेरा असे पाच रकाने आखलेले आहेत. शेऱ्याच्या रकान्यात पूर्वी ‘पहिली गार झुळूक’, ‘धुके उशिरा विरले’ असे काही लिहिलेले असे. परवा जुनी पाने चाळताना लक्षात आले की, गेल्या तीन-चार वर्षांत त्या रकान्यात हवामान जवळजवळ उरलेलेच नाही. ‘नाला पुन्हा तुंबला, साहेब पाहणीला आले’, ‘हेच आश्वासन तिसऱ्यांदा’ अशाच नोंदी दिसतात. ऋतूंची घडी विस्कटली आहे हे खरे; पण त्याचा राग पुढाऱ्यांवर काढणे रास्त आहे का, की वयोमानाने माझाच संयम सुटत चालला आहे?
एक निवृत्त शिक्षक

उत्तर : १९ वर्षे न चुकता नोंद ठेवणाऱ्या माणसाचा संयम सुटला आहे, असे आम्ही तरी म्हणणार नाही. हवामानशास्त्राच्या हिशेबाने मात्र आपली वही अजून ११ वर्षे कमी पडते. जागतिक हवामान संघटना एखाद्या ठिकाणची सरासरी काढताना सलग ३० वर्षांच्या नोंदी धरते आणि सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ प्रमाण मानला जातो. त्यामुळे एखादा उन्हाळा असह्य झाला किंवा पाऊस पंधरवडाभर लांबला, एवढ्यावरून ऋतू बदलले असा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही आपल्याला जे जाणवते आहे तो केवळ वयाचा भास नव्हे. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइड नियमित मोजण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा पूर्वीपेक्षा जोराने कोसळण्याची शक्यता वाढते. आपला नाला ज्या पावसाच्या हिशेबाने बांधला गेला असेल, तो हिशेबच आता जुना झालेला असू शकतो.

आता पुढाऱ्यांकडे वळू. ढग कोणाच्या आदेशाने येत नाहीत, तेव्हा पावसाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. नाल्याचा दोष मात्र त्यांच्याकडेच जातो. आपण नमुन्यादाखल दिलेल्या नोंदींतील पहिली पुन्हा वाचावी, ही विनंती. ती पाऊस पडून गेल्यानंतरची आहे. पावसाच्या दोन महिने आधीच्या पानांवर ‘नाल्यातील गाळ अजून काढलेला नाही’ असा शेरा सापडतो का, ते अवश्य पाहावे. तो सापडणार नाही, असा आमचा अंदाज आहे आणि यात आपल्याला वेगळे काढण्याचा हेतू नाही, कारण आम्हीही त्या दिवसांत नाल्याकडे ढुंकून पाहत नाही.

या सवयीचा अभ्यासही झालेला आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील आपत्तींवरचा सरकारी खर्च आणि मतदान यांची तुलना करून २००९ मध्ये असे दाखवून दिले की, आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधारी पक्षाला मतदार मतांच्या रूपाने पावती देतात, पण आपत्तीपूर्वी केलेल्या तयारीची दखल ते जवळजवळ घेत नाहीत. तयारीवर खर्चलेला एक डॉलर पुढचे सुमारे १५ डॉलरांचे नुकसान टाळतो, असाही त्यांचा हिशेब होता. मते जर मदतीला मिळत असतील आणि गाळ उपसण्याला मिळत नसतील, तर गुडघाभर पाण्यात उभे राहून छायाचित्र काढून घेणारा पुढारी मूर्ख नसतो. तो आपल्याला नीट ओळखून असतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण त्याला सुनावतो खरे, पण विहीर आधी खणली गेली की तिकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून आपली अधीरता आम्हाला गैर वाटत नाही, तिची तारीख तेवढी चुकलेली वाटते. ‘राजकारण हे संथच असते’ ही सबब तर मुळीच ऐकून घेऊ नये. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आले आणि दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, त्या थराला घातक असलेली रसायने आवरणारा माँट्रियल करार झाला. पुढे जगातील सर्व देशांनी त्याला मान्यता दिली आणि तो थर आता हळूहळू सावरतो आहे. याउलट तापमानवाढीवरचा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा करार १९९२ मधला असून पॅरिस करारापर्यंत पोहोचण्यास २०१५ साल उजाडले, आणि ते घोंगडे अजूनही भिजतच आहे. अर्थात दोन्ही प्रश्न सारखे नाहीत, हेही मान्य करायला हवे. ओझोनला घातक असलेली रसायने मोजके उद्योग बनवीत होते आणि त्यांना पर्याय दृष्टिपथात होते. कोळसा आणि तेल मात्र आपल्या चुलीपासून प्रवासापर्यंत सगळीकडे झिरपलेले आहे.

शेऱ्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, असे सुचवावेसे वाटते. आश्वासन कोणी दिले आणि कोणत्या तारखेपर्यंत पुरे करायचे होते, एवढेच त्यात लिहावे. चिडचिडीला तिथे जागा ठेवू नये. ‘पहिली गार झुळूक’ मात्र पुन्हा लिहू लागावे. ती आमच्याही वाचनात यावी असे वाटते.

प्रश्न : मोबाइलवर पावसाची शक्यता ४० टक्के दाखवतात आणि पाऊस पडत नाही. पुढाऱ्यांच्या आश्वासनांचेही तेच. मग दोघांत फरक काय?
एक विद्यार्थिनी

उत्तर : फरक मोठा आहे. ४० टक्के म्हणजे तशाच दहा दिवसांपैकी साधारण चार दिवस पाऊस आणि सहा दिवस कोरडे. आपल्या वाट्याला त्या सहांपैकी एक दिवस आला, तर अंदाज खोटा ठरत नाही. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, वातावरणासारख्या व्यवस्थेत सुरुवातीचा किंचितसा फरकही पुढे प्रचंड होतो. म्हणूनच साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचा भरवसा देता येत नाही आणि अंदाज देणारा ही मर्यादा टक्क्यांतून आधीच सांगून टाकतो. शिवाय काल सांगितलेले आणि आज घडलेले तो रोज ताडून पाहतो. आश्वासनाला टक्के जोडलेले आम्ही तरी कधी ऐकले नाहीत.

गंमत अशी की, एके काळी हसे अंदाजाचेच होत असे. पुढच्या २४ तासांचे हवामान आधी कळू शकेल, असे १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत एका सदस्याने म्हणताच सभागृहात हशा पिकला होता. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६१ मध्ये, ब्रिटिश सरकारच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांचे अंदाज वृत्तपत्रांतून छापून येऊ लागले. ते चुकले की टीकेची झोड उठे. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये हे अंदाज बंद करण्यात आले आणि वृत्तपत्रांत पुन्हा दिसण्यास १८७९ साल उजाडावे लागले. वादळाचे इशारे मात्र १८६७ मध्येच पुन्हा सुरू झाले, कारण समुद्रावर जाणाऱ्यांना चुकणारा इशारासुद्धा हवा होता.

राहता राहिला ४० टक्क्यांचा दिवस. त्या दिवशी छत्री न्यावी, असे आमचे मत आहे.