देवावर भरवसा म्हणजे पैसा जमवूच नये का?

तुम्ही विचारलं की ख्रिस्ती माणसानं बँकेत पैसे ठेवले, वावर घेतलं तर विश्वास कमी पडला असं होते का. नाही जी. बायबलात १ तीमथ्य ६:१० मध्ये पैसा नाही, पैशाचा लोभ वाईटाचं मूळ म्हटलाय, लोकं अर्धंच सांगतात. बायबलातल्याच योसेफानं तर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ७ वर्षं धान्य साठवलं, पण ते दुष्काळात लोकांच्या कामी आलं.

लूक १२ मधला श्रीमंत शेतकरी वेगळा, पीक जास्त झालं तर स्वतःसाठीच कोठारं पाडून मोठी बांधतो म्हणे अन् त्याच रात्री गेला. मला हे कापसानं समजवलं. एका साली भाव वाढन म्हणून आम्ही समोरची खोली छतापर्यंत कापसानं भरली, पोट्ट्यांच्या अंगाला खाज, उंदरं, कोणी बिडी पेटवली की जीव वर, अन् रात्री प्रार्थनेत डोळे मिटले तरी मोबाईलवरचा भावच दिसे. मत्तय ६:२४ मध्ये म्हटलंय, देव अन् पैसा अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नाही, ते हेच, माझा धनी तेव्हा खोलीत पडून होता. शेवटी भाव पडला, कापूस वाळून वजनातही घटला.

पीकविमा आजही काढतो, फवारणीही करतो, त्यात अविश्वास काय आला? फक्त विकलेल्या मालाचा चुकारा आला की दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, आधी बाजूला ठेवतो, मग कृषी केंद्राची उधारी. बायको म्हणते, उधारीवाल्याला तोंड मात्र तुम्हीच द्या.